भरड धान्य ते श्री अन्न : ज्वारीविषयक आहारसंदेशांची मांडणी आणि मराठवाड्यातील अन्ननिवड
(विशेष संदर्भ : नांदेड व लातूर जिल्हे)

महत्त्वाच्या संज्ञा : आहारसंदेश, संदेशाची मांडणी, ज्वारी, स्वस्त धान्य वितरण, करडई, मराठवाडा.

१. प्रस्तावना

मराठवाड्याच्या इतिहासलेखनात निजामी राजवट, मुक्तिसंग्राम, दुष्काळ आणि विकासाचा अनुशेष हे विषय प्राधान्याने हाताळले गेले आहेत. येथील सामान्य माणसाच्या ताटात गेल्या सात दशकांत जे परिवर्तन झाले, त्याकडे मात्र इतिहासाच्या अभ्यासकांचे लक्ष तुलनेने कमी गेले. नांदेड व लातूर हे दोन्ही जिल्हे परंपरेने ज्वारीचे प्रदेश होत. सालगड्याचे साल, बलुतेदाराचे बलुते आणि मजुराची मजुरी ही एकेकाळी ज्वारीच्या मापात मोजली जात असे. आज याच जिल्ह्यांत गव्हाची पोळी व तांदूळ हे रोजचे अन्न झाले असून ज्वारीची भाकरी अनेक घरांत आठवड्यातील काही दिवसांपुरती उरली आहे.

याच कालखंडात ज्वारीविषयी सार्वजनिक पातळीवर जे सांगितले गेले, तेही पूर्णपणे बदलले. शासकीय परिभाषेत दीर्घकाळ 'भरड धान्य' असलेले हे धान्य २०१८ मध्ये 'पौष्टिक तृणधान्य' झाले आणि २०२३ मध्ये 'श्री अन्न' झाले. या संदेशांची मांडणी कशी बदलत गेली आणि तिचा लोकांच्या अन्ननिवडीवर कितपत परिणाम झाला, या दोन प्रश्नांचा शोध घेणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे. लेखासाठी ऐतिहासिक व विश्लेषणात्मक पद्धतीचा अवलंब केला असून शासकीय धोरणे, कृषी व आहारविषयक प्रकाशित माहिती आणि प्रदेशातील लोकव्यवहार यांचा आधार घेतला आहे.

२. संदेशाच्या मांडणीची संकल्पना

एकच वस्तुस्थिती दोन प्रकारे सांगता येते आणि सांगण्याच्या प्रकारानुसार ऐकणाऱ्याचा निर्णय बदलू शकतो, हे अमोस ट्वर्स्की व डॅनियल काहनेमन यांनी १९८१ मध्ये प्रयोगांच्या आधारे दाखवून दिले. १९८८ मध्ये लेविन व गेथ यांनी अन्नाच्या संदर्भात असाच प्रयोग केला. एकाच मांसाचे वर्णन '७५ टक्के चरबीविरहित' असे केले असता लोकांनी त्याला '२५ टक्के चरबीयुक्त' या वर्णनापेक्षा अधिक चांगले ठरविले. मांस तेच होते. बदलले होते ते केवळ वर्णन. विशेष म्हणजे मांस प्रत्यक्ष चाखल्यानंतर वर्णनाचा हा प्रभाव कमी झाला.

आरोग्यविषयक संदेशांच्या अभ्यासात पुढे दोन प्रकार मानले गेले. अमुक खाल्ल्याने काय मिळेल हे सांगणारी ती लाभदर्शक मांडणी आणि न खाल्ल्याने काय गमवावे लागेल हे सांगणारी ती हानिदर्शक मांडणी होय. रोथमन व सॅलोवे यांनी १९९७ मध्ये असे प्रतिपादन केले की, रोगप्रतिबंधक आचरणासाठी लाभदर्शक, तर रोगनिदानासाठी तपासणी करून घेण्याच्या बाबतीत हानिदर्शक मांडणी अधिक उपयुक्त ठरते. मात्र त्यानंतरच्या अभ्यासांच्या एकत्रित पडताळणीत हा प्रभाव मर्यादित असल्याचे दिसून आले.

या संशोधनात वाक्य कोणते हे पाहिले जाते. परंतु ते वाक्य कोणत्या समाजात, कोणत्या स्मृतींच्या पार्श्वभूमीवर आणि कोणत्या दुकानासमोर उभे राहून ऐकले जाते, हे प्रयोगशाळेत पुरेसे दिसत नाही. त्यासाठी इतिहासाकडे वळावे लागते.

३. संदेशापूर्वीची प्रतिष्ठा : भाकरी आणि पोळी

कोणत्याही शासकीय संदेशापूर्वी मराठवाड्यात धान्यांची एक सामाजिक उतरंड अस्तित्वात होती. ज्वारी रोजची, तर गहू सणाचा होता. पुरणाची पोळी, पाहुण्यांसाठी केलेली चपाती आणि लग्नातील पंगत यांतून गव्हाला मान मिळाला. ज्वारी ही सर्वांची असल्याने ती कोणाच्याच प्रतिष्ठेची खूण नव्हती.

तथापि ज्वारीला तिचे स्वतःचे सांस्कृतिक स्थान होते. लातूर परिसरात आणि नांदेडच्या काही भागांत मार्गशीर्ष अमावस्येला साजरी होणारी वेळा अमावस्या, अर्थात येळवस, हे त्याचे ठळक उदाहरण आहे. उभ्या रब्बी पिकात कडब्याची कोप करून पांडवांची पूजा होते आणि आंबील, भज्जी व उंडे यांचे जेवण गावासह पाहुण्यांना दिले जाते. ताकात ज्वारीचे पीठ शिजवून केलेली आंबील येथे आरोग्यदायी म्हणून नव्हे, तर शेताचा प्रसाद म्हणून घेतली जाते. हा आहारसंदेश नव्हे. परंतु ज्वारीच्या बाजूने उभी असलेली ही मांडणी कोणत्याही सरकारी फलकापेक्षा जुनी आहे, हे ध्यानात घेणे आवश्यक आहे.

४. रोग आणि दुष्काळ : ज्वारीची प्रतिकूल मांडणी

स्वातंत्र्योत्तर काळात ज्वारीविषयीची पहिली महत्त्वाची वैद्यकीय मांडणी प्रतिकूल होती. हैदराबाद येथील पोषण संशोधन संस्थेतील सी. गोपालन व एस. जी. श्रीकांतिया यांनी १९६० मध्ये दख्खनच्या पठारावरील पेलाग्रा या रोगाचा ज्वारीशी संबंध जोडला. त्वचा काळवंडणे, अतिसार आणि मानसिक विकार ही या रोगाची लक्षणे होत. ज्वारीतील ल्युसिन या घटकाच्या आधिक्यामुळे शरीरात नायसिन या जीवनसत्त्वाचा अभाव निर्माण होतो, असे त्यांचे प्रतिपादन होते. एकट्या ल्युसिनवर ठेवलेला हा ठपका पुढे वादग्रस्त ठरला. रोगी हे मुख्यतः जवळजवळ निव्वळ ज्वारीवर जगणारे गरीब लोक होते. डाळ, दूध व भाजीपाला यांचा अभाव हा या दुखण्याचा सामाजिक पाया होता. परंतु 'ज्वारी खाणाऱ्याचा रोग' या शब्दांत दारिद्र्याचा दोष धान्याच्या माथी गेला.

दुसरी मांडणी दुष्काळाने केली. १९५६ मध्ये अमेरिकेशी झालेल्या पी. एल. ४८० करारानंतर भारतात आयात गव्हाचा ओघ सुरू झाला. १९७२ च्या दुष्काळात मराठवाडा होरपळून निघाला. लातूर त्या वेळी उस्मानाबाद जिल्ह्याचा भाग होता. १६ ऑगस्ट १९८२ रोजी तो स्वतंत्र जिल्हा झाला. मे १९७३ मध्ये महाराष्ट्रातील दुष्काळी कामांवरील मजुरांची संख्या सुमारे ५० लाखांच्या घरात गेली होती. खडी फोडणाऱ्या व माती वाहणाऱ्या या माणसांच्या हाती दोन गोष्टी आल्या. एक म्हणजे सुकडी आणि दुसरी म्हणजे अमेरिकेतून आलेली तांबडी मिलो ज्वारी. ज्या देशात ती पिकत होती, तेथे ती प्रामुख्याने जनावरांच्या खाद्यासाठी वापरली जाई. या भागातील ज्येष्ठांच्या बोलण्यात मिलोचा उल्लेख आजही अपमानाच्या सुरात येतो. या धान्याने माणसे जगविली, परंतु लाल ज्वारीची आठवण ही लाचारीची आठवण ठरली.

तिसरी घडामोड शेतात घडली. १९६४ मध्ये सी. एस. एच.-१ हा देशातील पहिला संकरित ज्वारीचा वाण प्रसारित झाला. वसंतराव नाईक यांच्या मुख्यमंत्रिपदाच्या काळात संकरित ज्वारीच्या प्रसाराला राज्यात मोठे प्रोत्साहन मिळाले. उत्पादन वाढले, हे निर्विवाद आहे. परंतु खरिपातील हे पीक कणसात असताना पाऊस झाला की दाणा काळा पडे. भाव कोसळे आणि भाकरीची चवही जाई. 'हायब्रीड' हा शब्द मराठवाड्याच्या बोलीत कसदारपणाच्या अभावाचा पर्याय बनला. घरासाठी मालदांडी आणि बाजारासाठी हायब्रीड, अशी विभागणी झाली. खेडुतांनी शास्त्राचा संदेश नाकारला असे म्हणण्याऐवजी, लेविन व गेथ यांच्या प्रयोगाप्रमाणे, त्यांनी तो चाखून पाहिला असे म्हणणे अधिक योग्य होईल.

५. न बोललेला संदेश : रेशनचे दुकान आणि शाळेची खिचडी

आहारसंदेश केवळ भिंतीवरील घोषवाक्यांतून दिला जात नाही. शासन कोणते धान्य पुरविते आणि त्याची किंमत काय ठरविते, हाही एक संदेशच असतो.

राष्ट्रीय अन्न सुरक्षा अधिनियम, २०१३ याने तांदूळ ३ रुपये, गहू २ रुपये आणि भरड धान्य १ रुपया किलो असे दर निश्चित केले. गरिबाला स्वस्त धान्य मिळावे हा त्यामागील हेतू स्तुत्यच होता. परंतु या तीन आकड्यांत परंपरागत उतरंड कायद्याच्या भाषेत उतरली. ज्वारी ही सर्वांत खालची, हे तिच्या किमतीनेच सांगितले. त्यातही महाराष्ट्रातील दुकानांत नियमितपणे आले ते गहू आणि तांदूळ. १ जानेवारी २०२३ पासून हे धान्य मोफत मिळू लागले, म्हणजे ज्वारीच्या जागतिक गौरवाच्या वर्षातच गहू व तांदूळ विनामूल्य झाले.

शालेय पोषण आहाराची कथा अशीच आहे. १५ ऑगस्ट १९९५ रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय योजनेनुसार राज्यात प्रारंभी विद्यार्थ्यांना दरमहा तांदूळ दिला जाई. सर्वोच्च न्यायालयाच्या २८ नोव्हेंबर २००१ च्या आदेशानंतर शिजविलेले अन्न देण्यास गती मिळाली आणि तांदळाची खिचडी शाळेत आली. या योजनेने असंख्य मुलांची भूक भागविली, हे मान्य केलेच पाहिजे. मात्र ज्वारीच्या प्रदेशातील एका संपूर्ण पिढीची दुपारची चव तांदळावर घडली. किनवटच्या डोंगराळ भागापासून निलंग्याच्या सपाट काळ्या रानापर्यंत सर्वत्र हेच घडले. 'तांदूळ खा' असे मुलांना कोणीही सांगितले नव्हते. ताटात काय वाढले गेले, याने ते काम केले.

६. तुलनेसाठी करडईचे उदाहरण

मांडणी प्रभावी ठरूनही प्रदेशाला लाभ होत नाही, याचे उदाहरण करडई देते. रब्बी ज्वारीच्या शेतात जनावरांपासून संरक्षण म्हणून बांधालगत काटेरी करडई पेरण्याची पद्धत मराठवाड्यात होती आणि घाण्यावर काढलेले करडईचे तेल हे लातूर, नांदेड, परभणी व उस्मानाबाद भागांतील घरगुती तेल होते. याच तेलबीच्या इंग्रजी नावाशी नाते सांगणारे 'सफोला' हे मॅरिको कंपनीचे तेल शहरी मध्यमवर्गात हृदयाच्या काळजीचे तेल म्हणून प्रसिद्ध झाले. हृदयविकाराचा धोका दाखवून मग उपाय सुचविणे, ही या प्रचाराची प्रारंभीची दिशा हानिदर्शक मांडणीत मोडते. शहरी ग्राहकाने ती स्वीकारली.

परंतु करडईच्या शेताला या लौकिकाने वाचविले नाही. १९९४ मध्ये पामतेलाची आयात खुल्या परवान्याखाली आली. स्वस्त तेलापुढे करडईचा टिकाव लागेना. काट्यांमुळे काढणीला मजूर मिळेनात. लातूरच्या बाजारपेठेत सोयाबीनचे राज्य सुरू झाले. शहरातील नामांकित तेलेही कालांतराने भाताच्या कोंड्याच्या व इतर तेलांच्या मिश्रणांकडे वळली. तात्पर्य, संदेश ग्राहकाच्या मनात यशस्वी झाला. परंतु ज्या मातीतून ती वस्तू येत होती, तेथे त्याचा प्रतिध्वनी उमटला नाही.

७. नामांतर : पौष्टिक तृणधान्य आणि श्री अन्न

२०१८ हे वर्ष देशात पौष्टिक तृणधान्य वर्ष म्हणून पाळण्यात आले. त्याच वर्षी एप्रिलमध्ये केंद्र शासनाने ज्वारी, बाजरी, नाचणी आदी धान्यांना 'पौष्टिक तृणधान्ये' म्हणून अधिसूचित केले. भारताच्या प्रस्तावावरून संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने मार्च २०२१ मध्ये ठराव संमत केला आणि २०२३ हे आंतरराष्ट्रीय वर्ष ठरले. फेब्रुवारी २०२३ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात 'श्री अन्न' ही संज्ञा वापरली गेली. शासनाने केवळ नाव बदलून धान्याची मांडणी बदलण्याचा हा अलीकडच्या काळातील मोठा प्रयत्न होय.

नव्या मांडणीची सत्यता तपासण्यासाठी राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेली अन्नघटकांची कोष्टके उपयोगी पडतात. १०० ग्रॅम ज्वारीत सुमारे १० ग्रॅम प्रथिने, १०.२ ग्रॅम तंतू व ३.९५ मिलिग्रॅम लोह असते. अख्ख्या गव्हात हीच प्रमाणे अनुक्रमे १०.६, ११.२ व ३.९७ अशी आहेत. पॉलिश केलेल्या तांदळात मात्र प्रथिने ७.९, तंतू केवळ २.८ आणि लोह ०.६५ इतकेच आहे. म्हणजेच या तीन घटकांच्या बाबतीत ज्वारी व अख्खा गहू यांत फारसे अंतर नाही. खरे अंतर आहे ते अख्खे धान्य आणि सडलेले वा चाळलेले धान्य यांत.

२०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका व्यापक संशोधन-आढाव्यात तृणधान्यांचा सरासरी ग्लायसेमिक निर्देशांक ५२.७ आढळला, तर सडलेल्या तांदळाचा ७१.७ आणि मैद्याचा ७४.२. मधुमेही व्यक्तीसाठी हा फरक मोलाचा आहे. परंतु येथेही तुलना मैद्याशी आहे, घरच्या गव्हाच्या पिठाशी नाही, ही बाब प्रचारात बहुधा गळून पडते. एकेकाळी ज्वारीला हीन ठरविणारी मांडणी जितकी अपुरी होती, तितकीच तिला सर्वरोगहारक ठरविणारी मांडणीही अपुरी आहे. एका मांडणीने गरिबाचे धान्य लाजिरवाणे केले; दुसरी मांडणी तेच धान्य त्याच्या हाताबाहेर नेण्याची शक्यता आहे. २०२३-२४ साठी संकरित ज्वारीचा हमीभाव क्विंटलला ३,१८० रुपये व मालदांडीचा ३,२२५ रुपये होता, तर २०२३-२४ च्या रब्बी विपणन हंगामासाठी गव्हाचा हमीभाव २,१२५ रुपये होता. शेतकऱ्याच्या दृष्टीने हा दर न्याय्य आहे. परंतु ज्या मजूर कुटुंबाला गहू मोफत मिळतो, त्याला विकतची ज्वारी खाण्याचा उपदेश कोणत्या आधारावर करावयाचा, हा प्रश्न उरतोच.

८. संदेशाच्या नजरेबाहेरचे : कष्ट, कडबा आणि रक्तक्षय

ज्वारीविषयक प्रचारात तीन बाबींचा विचार अभावानेच आढळतो. पहिली बाब स्त्रीच्या श्रमाची आहे. ज्वारीच्या पिठाला गव्हासारखा चिकटपणा नसतो. पीठ जुने झाले की त्याची विरी जाते आणि भाकरी थापताना फाटते. दळण वारंवार करावे लागते आणि भाकरी वेळच्या वेळी, चुलीच्या वा शेगडीच्या धगीसमोर बसून थापावी लागते. पहाटे उठून कामावर जाणाऱ्या स्त्रीला पोळी सोयीची वाटली, यात तिचे अज्ञान नाही. 'आरोग्यासाठी भाकरी' हा संदेश ज्या हातांनी प्रत्यक्षात आणावयाचा, त्या हातांचा वेळ कोणी हिशेबात धरला नाही.

दुसरी बाब कडब्याची आहे. शेतकरी ज्वारी केवळ दाण्यासाठी पेरीत नव्हता. ट्रॅक्टर आल्यावर बैल कमी झाले, कडब्याची घरगुती गरज घटली आणि खरिपात सोयाबीन व कापूस यांनी जागा घेतली. १९६०-६१ मध्ये महाराष्ट्रात ज्वारीखाली सुमारे ६२.८ लाख हेक्टर क्षेत्र होते. त्यानंतर ते मोठ्या प्रमाणात घटले आहे.

तिसरी बाब रक्तक्षयाची आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयोगटातील रक्तक्षयग्रस्त स्त्रियांचे प्रमाण २०१५-१६ मध्ये ४८ टक्के होते. २०१९-२१ मध्ये ते ५४.२ टक्क्यांवर गेले. या संदर्भात परभणी येथील वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाने इक्रिसॅट या संस्थेच्या सहकार्याने २०१८ मध्ये प्रसारित केलेला 'परभणी शक्ती' हा लोह व जस्त यांचे प्रमाण अधिक असलेला ज्वारीचा वाण महत्त्वाचा आहे. त्यात किलोमागे लोहाचे प्रमाण सुमारे ४२ मिलिग्रॅम सांगितले जाते. परंतु धान्यातील सर्व लोह शरीरात शोषले जात नाही. सोबत डाळ, पालेभाजी, लिंबू यांची जोड लागते. आणि घरातील स्त्री सर्वांत शेवटी, उरलेले खात असेल, तर वाण कितीही सकस असला तरी त्याचा लाभ तिच्यापर्यंत पोहोचत नाही.

९. निष्कर्ष

प्रस्तुत विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात.

(१) ज्वारीच्या पोषणमूल्यात गेल्या सात दशकांत जितका बदल झाला, त्याहून कितीतरी मोठा बदल तिच्याविषयीच्या मांडणीत झाला. पेलाग्राचे कारण, दुष्काळाचे धान्य, भरड धान्य, पौष्टिक तृणधान्य आणि श्री अन्न ही नावे त्या-त्या काळातील सत्ता, शास्त्र व बाजार यांची दृष्टी प्रकट करतात.

(२) नांदेड व लातूरच्या संदर्भात अन्ननिवडीवर अधिक खोल प्रभाव पाडला तो प्रत्यक्ष हाती आलेल्या धान्याने. मिलो, रेशनचा गहू आणि शाळेची खिचडी यांना घोषवाक्याची गरज पडली नाही. याउलट ज्वारीचा गौरव झाला तेव्हा ती रेशनच्या पिशवीत नव्हती.

(३) दोषाची आणि गौरवाची अशा दोन्ही मांडण्यांनी धान्याला त्याच्या ताटापासून वेगळे काढले. पेलाग्राच्या काळात ताटात डाळ व भाजी नव्हती, म्हणून ज्वारी दोषी ठरली; आज ताटात त्या पुरेशा नसतानाही एकट्या ज्वारीकडून आरोग्याची अपेक्षा केली जात आहे.

(४) म्हणून आहारसंदेशाची भाषा लाभाची असावी की भीतीची, यापूर्वी तो संदेश कोणाला उद्देशून आहे आणि त्याचे पालन करण्याचे साधन त्या व्यक्तीकडे आहे काय, हा प्रश्न विचारला पाहिजे. स्थानिक ज्वारीची खरेदी करून ती त्याच जिल्ह्यांतील रेशन दुकानांत, अंगणवाड्यांत व शाळांत देणे, आणि गावपातळीवर ताजे पीठ व तयार भाकरी पुरविणाऱ्या महिला बचत गटांना आधार देणे, हे मार्ग कोणत्याही नव्या नावापेक्षा अधिक परिणामकारक ठरू शकतील.

येळवसेच्या दिवशी कोपीपुढे बसून आंबील पिणाऱ्या माणसाला ज्वारीचे महत्त्व पटवून द्यावे लागत नाही. वर्षातील उरलेल्या दिवसांत ती त्याच्या घरात का नसते, याचे उत्तर त्याच्या अज्ञानात शोधण्याऐवजी गेल्या सत्तर वर्षांच्या धोरणांत शोधणे, हे इतिहासाच्या अभ्यासकाचे कर्तव्य आहे.